मोटर नवी, पाईप जुने

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी मी बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या घराचा जिना उलटा उतरले. दोन्ही हातांनी कठडा धरून, पाठ रस्त्याकडे करून, शिडीवरून उतरावं तशी. खाली सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी तांब्या थांबवला आणि म्हणाल्या, "अगं, सहाशे किलोमीटर सायकल चालवून आलीस, तेव्हासुद्धा सरळ उतरली होतीस की!"

खरं होतं ते. त्याच हिवाळ्यात मी चारही ब्रेव्हे पुऱ्या केल्या होत्या. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रेव्हे ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात आपलं आपण पार करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एका हंगामात चारही झाल्या की 'सुपर रँडोनर' म्हणवून घेता येतं. माझे ६०० किलोमीटर अडतीस तास आणि काही मिनिटांत झाले. त्यातली चाळीस मिनिटं मी एका पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर हेल्मेट उशाला घेऊन झोपले होते. घरी आल्यावर बूड दुखत होतं, तळहातांना मुंग्या येत होत्या, पण पाय? पाय उत्तम होते.

आणि आता आदल्या दिवशीच्या सात किलोमीटर धावण्याने माझी ही गत झाली होती.

धावायला लागण्याचं कारण काही उदात्त नव्हतं. मुलीचं बारावीचं वर्ष सुरू होणार होतं. रविवारी पहाटे चारला निघून दुपारी बाराला उगवणारी आई त्या वर्षात चालण्यासारखी नव्हती. सायकलला वेळ लागतो. शहराबाहेर पडायलाच अर्धा तास जातो. धावणं तासाभरात आटपतं, बूट घातले की झालं, असा माझा हिशेब. शिवाय दम तर होताच. चव्वेचाळिसाव्या वर्षी विश्रांतीत माझी नाडी ५२ ची होती, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

त्या रविवारी कमाटीबागेत गेले. फाटकावर सयाजीबाग लिहिलंय, पण आमच्या घरात ते नाव कुणी घेत नाही. पहिले दोन किलोमीटर झाल्यावर मला वाटलं, धावणारी माणसं उगाच बाऊ करतात. किलोमीटरला सहा मिनिटांचा वेग होता आणि मी शेजारून चालणाऱ्या आजोबांशी दोन वाक्यं बोलूही शकत होते. पाचव्या किलोमीटरला पोटऱ्या कडक झाल्या. पण श्वास मोकळा होता ना! सायकलवर श्वास मोकळा असला की गाडी रेटायची, हे वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं. मी रेटली. सात झाले. घरी येऊन पोहे खाल्ले, नवऱ्याला ऐकवलं, "काही विशेष नाही रे धावण्यात."

दुसऱ्या दिवशी जिना. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. ही दुखणी लगेच येत नाहीत, चोवीस ते बहात्तर तासांत कळसाला पोचतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटत होतं की काहीतरी तुटलंय.

आमच्या वाड्यात काही वर्षांपूर्वी गच्चीवरच्या टाकीसाठी मोठी मोटर बसवली होती. पहिल्याच दिवशी पाणी धो-धो वर चढलं आणि संध्याकाळपर्यंत मधल्या मजल्यावरच्या भिंतीतून ओल फुटली. प्लंबर आला, भिंतीला कान लावून म्हणाला, "मोटर तो नवी छे, पण पाइप दादाना वखतनी." मला धावण्याच्या पहिल्या चार महिन्यांत जे जे झालं, ते त्या एका वाक्यात आहे.

मोटर म्हणजे हृदय, फुप्फुसं, रक्त. पाच वर्षांच्या सायकलिंगने माझं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलं होतं. मांड्यांच्या स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट झालं होतं, चरबी जाळून तासन्‌तास चालत राहायची सवय शरीराला लागली होती. हे सगळं धावायलाही कामी येतं. ज्याने आयुष्यात काहीच केलेलं नाही त्याला पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांत धाप लागते आणि ती धापच त्याला थांबवते. मला थांबवणारं कुणी नव्हतं. नवशिक्याला निसर्गाने दिलेला ब्रेक मी पाच वर्षं घासून घासून काढून टाकला होता.

आणि पाईप म्हणजे पोटऱ्या, टाचेमागची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी), नडगीचं हाड, तळपायाचे बारीक बारीक स्नायू. यांनी पाच वर्षांत काय केलं होतं? काहीच नाही. सायकलवर वजन सीटवर, हँडलवर आणि पॅडलवर वाटलेलं असतं. पाय गोल फिरतो, आपटत कधीच नाही. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीनपट भार एका पायावर येतो. माझं वजन ५८ किलो. किलोमीटरला साधारण अकराशे पावलं. गुणाकार तुम्हीच करा, मी केला तेव्हा खुर्चीत बसून केला. वर हेही की स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण हाडं आणि शिरा महिने घेतात. अशा शिरांना रक्तपुरवठा कमी, आणि दोघांचीही चाल सरकारी.

धावणं आणि पॅडल मारणं यांतला आणखी एक फरक मला फार उशिरा समजला. पॅडल दाबताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो, आणि मग पॅडल आपोआप वर येतं. धावताना पाऊल टेकलं की गुडघा किंचित वाकतो आणि तोच स्नायू ताणला जात असताना भार पेलतो. विहिरीतून भरलेली कळशी ओढून घेणं वेगळं आणि भरलेली कळशी दोराने हळूहळू खाली सोडणं वेगळं. दुसऱ्यात दम कमी लागतो, पण तळहात सोलवटून निघतात. सायकलवाल्याने ही कळशी कधी खाली सोडलेलीच नसते.

हे सगळं शहाणपण तेव्हा नव्हतं. दुखणं चार दिवसांत गेलं, मी परत धावले. दुसऱ्या वेळी कमी दुखलं. एकदा मार खाल्ला की त्याच माराला काही आठवडे शरीर तितकं दाद देत नाही, हेही खरंच आहे, आणि त्यानेच मी फसले. तिसऱ्या आठवड्यात १० किलोमीटर, चौथ्यात १४. शेजारचा चहावाला रोज विचारायचा, "बेन, सायकल क्यां गई?" मी ऐटीत म्हणायची, "आराम करे छे."

मग नडगी. आतल्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात. आधी धावायला लागल्यावर पहिली दहा मिनिटं दुखायची, मग गरम झाल्यावर थांबायची. पुढे धावून झाल्यावरही दुखायला लागली. शेवटी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहिलं तरी. ज्या डॉक्टरांकडे आधी गेले त्यांनी पाय पाहिलाच नाही. वय विचारलं आणि म्हणाले, "या वयात कशाला धावता? चाला." मी फी दिली आणि बाहेर येऊन रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

फिजिओथेरपिस्ट मात्र चांगली भेटली. तिशीतली मुलगी, माझं गुजराती ऐकून हसणारी. तिने अंगठ्याने नडगीवर इंचाइंचाने दाबत नेलं. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे दुखतंय की एकाच ठिपक्यावर, एवढंच तिला पाहायचं होतं. पट्टाभर दुखत असेल तर शिन स्प्लिंट्स, म्हणजे नडगीवर ताण येऊन होणारं दुखणं. एकाच ठिपक्यावर जीव जात असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतही नाही. माझा पट्टा होता. सुटले. सहा आठवडे धावणं बंद, सायकल चालेल, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला कमजोर माणसासारखं ट्रीट करता येत नाही. कमजोर माणूस एवढं धावूच शकला नसता."

तिने मला एक नाव सांगितलं, आणि मी घरी जाऊन त्याच्याबद्दल वाचलं. लान्स आर्मस्ट्राँगने २००६ साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावली. टूर द फ्रान्स ही सायकलची शर्यत गाजवणारा. पुढे २०१२ मध्ये त्याची ती सगळी विजेतेपदं काढून घेतली गेली, तो भाग वेगळा. पण दम होताच की त्याच्यात! २ तास ५९ मिनिटं ३६ सेकंदांत कसाबसा तीन तासांच्या आत आला आणि म्हणाला की आजवर शरीराने केलेली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. त्यालाही नडग्यांनीच छळलं होतं. वाचून मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या नडगीचं दुःख वाचून बरं वाटणं चांगलं नाही, पण वाटलं.

ते सहा आठवडे पावसाळ्यातले होते, त्यामुळे फारसं चुकल्यासारखं झालं नाही. विश्वामित्रीला पाणी चढलं की नदीकाठी तसंही कुणी फिरकत नाही. पुराबरोबर मगरी रस्त्यावर येतात, हे बाहेरगावच्या लोकांना आम्ही थापा मारतोय असं वाटतं. मी घरात जिन्याच्या पायरीवर उभी राहून टाचा वर-खाली करत होते. गुडघा ताठ ठेवून पंधरा, मग गुडघा वाकवून पंधरा. वाकवून केलं की पोटरीतला खोलवरचा स्नायू कामाला लागतो आणि धावताना मोठा भार तोच उचलतो. आधी दोन्ही पायांवर, तिसऱ्या आठवड्यापासून एका पायावर, मग पाठीवर मुलीची पुस्तकांची बॅग घेऊन. बारावीची पुस्तकं वजनाला चांगली असतात.

त्यानंतर दोरीच्या उड्या. पहिल्या दिवशी फक्त वीस. सासूबाईंनी ते पाहिलं आणि घरातली एक जुनी गोष्ट काढली. माझे आजेसासरे तरुणपणी माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. जोर, बैठका, मल्लखांब, सगळं. सासूबाई म्हणाल्या, "तिथे नव्या मुलाला पहिला महिनाभर नुसत्या बैठका मारायला लावायचे. दम कितीही असो. म्हणायचे, आधी खांब रोवा, मग वर चढा." फिजिओने तीन भेटींचे पैसे घेऊन हेच सांगितलं होतं. मी सासूबाईंना तसं म्हटल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की आठवडाभर येईल-जाईल त्याला सांगत होत्या.

सप्टेंबरात परत सुरुवात केली. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं. अर्धा तास, आठवड्यात तीनदा, मध्ये एक दिवस रिकामा. हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम होतं. दम शून्य लागायचा. साठीतल्या बायका मला मागे टाकून जायच्या. उरलेली भूक मी सायकलवर भागवायची. मुलगी सकाळच्या क्लासला गेली की आठवड्यातून दोनदा सिंधरोटपर्यंत, महीच्या काठापर्यंत जाऊन यायचं. सायकलच्या फिटनेसचा खरा उपयोग मला इथे कळला. सायकल मोटर चालू ठेवते, म्हणून पाईप निवांत बदलता येतात. निव्वळ धावणाऱ्याला दुखापत झाली की त्याचं सगळंच बसतं. माझा दम सहा आठवड्यांनी तसाच होता.

घड्याळाने मात्र गोंधळ घातला. सायकलवर निवांत, गप्पा मारत जाताना माझी नाडी १२५ च्या आसपास असते. तोच आकडा धरून धावायला गेले तर ते चालणंच व्हायचं. मला वाटलं, आजारी आहे. मग उमगलं की धावताना जास्त स्नायू कामाला लागतात, शरीर स्वतःचं ओझं स्वतः वाहतं, त्यामुळे तेवढ्याच श्रमाला आकडा वर जातो. सायकलवर आपण जास्तीत जास्त जितकी नाडी गाठतो, ती धावतानाच्या कमालीपेक्षा बहुतेकांची पाच-दहा ठोके खालीच असते. सायकलचे आकडे सायकलपाशी ठेवायचे. मी शेवटी घड्याळ उलटं घातलं आणि पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच पाहायला लागले. रस्त्यात स्वतःशी वाक्यं बोलणारी बाई म्हणून चार लोकांनी पाहिलंही असेल.

आणि वारा. सायकलवर वारा आपण स्वतः तयार करतो, घाम अंगावर वाळतो. धावताना तो वारा नाही. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात आठ वाजता मी सायकलवर ताजी असायची, धावताना सात वाजताच भजी व्हायची. म्हणून साडेपाच.

एक गोष्ट मात्र सायकलने आयती दिली होती. माझी पावलं लांब लांब पडत होती, मिनिटाला जेमतेम १५०. पाय गुडघ्याच्या बराच पुढे जाऊन टाचेवर आपटायचा, म्हणजे दर पावलाला थोडा ब्रेक. फिजिओ म्हणाली, पावलं छोटी करा, १६५ पर्यंत न्या. कसं न्यायचं? तेव्हा आठवलं की पॅडलचे मिनिटाला ९० फेरे माझ्या हाडात भिनलेत. दोन पायांचे मिळून १८० दाब. डोळे मिटून सायकलवर बसल्याचं मनात आणलं आणि तोच ठेका जरा ढिला करून पायांत सोडला. पंधरा दिवसांत १६५ झाले आणि नडगीची कुरकुर बंद झाली.

नवरात्रात गरब्याला जाऊ का, असं फिजिओला विचारलं. बडोद्यात हा प्रश्न नसतो, नुसती सूचना असते. ती म्हणाली, "जा, पण त्या दिवशी धावू नका. गरबा हेच वर्कआउट." नऊ रात्री अनवाणी, पुढच्या पावलावर उड्या. दसऱ्याला पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण चांगल्या अर्थाने.

नोव्हेंबरात मी शेवटचा मूर्खपणा केला. पावागडला दर्शनाला गेलो होतो. माचीला बसने वर गेलो, देवीचं दर्शन झालं, आणि परतताना मी नवऱ्याला म्हटलं, तू बसने ये, मी माचीपासून खाली चांपानेरपर्यंत धावत येते. पाचएक किलोमीटर, सगळा उतार. सायकलवाल्याच्या डोक्यात उतार म्हणजे बक्षीस. चढ चढायचा, मग पॅडल सोडून वाऱ्यावर बसायचं. त्याच घाटात मी सायकलने कितीदा तरी तशी उतरले आहे. धावताना पॅडल सोडता येत नाही. उतारावर प्रत्येक पाऊल म्हणजे ती कळशी खाली सोडणं, आणि दोर जास्तच झपाट्याने सुटतो. श्वास अगदी शांत होता, चांपानेरच्या तटबंदीपाशी मी हसत पोचले आणि फोटोही काढला. नंतर तीन दिवस पुन्हा उलटा जिना. सासूबाईंनी या वेळी विचारलंही नाही.

बडोद्याची मॅरेथॉन थंडीत असते. मी अर्धी, २१ किलोमीटरची घेतली. नवलखी मैदानावर पहाटे ऑफिसातली मैत्रीण भेटली. ती आठ वर्षं धावतेय, सायकल तिने शाळेनंतर चालवलेली नाही. आम्ही बरोबर निघालो. बाराव्या किलोमीटरपर्यंत मी बोलत होते आणि ती हुंकार देत होती. पंधराव्याला चित्र उलटलं. तिची धाप तशीच, पण पाय हलके. माझा श्वास असा की आणखी दोन तास जाईन, आणि मांड्या म्हणजे ओल्या वाळूची पोती. ती म्हणाली, "तू दमलेली दिसत नाहीस." मी म्हटलं, "मी दमलेली नाहीच. पाय दमलेत." दोन वेगळी माणसं असल्यासारखं वाटत होतं.

तिथे ब्रेव्हेने हात दिला. सायकलवर रात्री तीन वाजता मैलाचे दगड मोजायचे नसतात, फक्त पुढचा कंट्रोल पॉइंट, म्हणजे वाटेतलं नोंदीचं ठिकाण. मी पुढचं पाण्याचं टेबल एवढंच धरलं. खाण्याचं मात्र जुळलं नाही. सायकलवर मी थेपले खात खात जाते, धावताना पोट खळखळतं. सरावात एकदा हाल झाल्यावर मी बिया काढलेले दोन खजूर आणि मीठ-साखरेचं पाणी यावर आले होते, तेवढंच घेतलं. २ तास २४ मिनिटं. चोवीस हजारांच्या आसपास पावलं. नडगी गप्प. उजव्या अंगठ्याचं नख काळं, कारण सायकलच्या बुटांच्या मापाचेच धावायचे बूट घेतले होते आणि दुकानदाराने, "एकदम फिट छे," म्हणून ते माझ्या गळ्यात मारले होते. एक माप मोठे हवेत, धावताना पाय पुढे सरकतो.

मैत्रिणीला मी महिन्याभराने अजवाच्या रस्त्याला सायकलवर नेलं. दम तिचाही उत्तम होता. तिसाव्या किलोमीटरला उतरली आणि म्हणाली, "मला कुणीतरी मऊ खुर्ची द्या." मला थोडंफार समाधान झालं.

पण मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशीचं राहिलं. सोमवार होता. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले, कठड्यावर एक हात ठेवला आणि पाय पुढे टाकला. दुखत होतं, पण गुडघा भार घेत होता. एकेक करत सरळ उतरले. मधल्या वळणावर क्षणभर तिरकी झाले, तेवढंच. खाली सासूबाई तुळशीपाशी होत्या. शेवटच्या पायरीपर्यंत त्या बघत राहिल्या.

"दूध संपलंय," त्या म्हणाल्या. "आणतेस? चालत जा."